पहिल्या कर्जाची पत

महाराष्ट्रात पहिल्यांदा कर्ज मागायला आलेल्या माणसाची पत कोणी ठरवायची, या प्रश्नाचे उत्तर गेल्या दोनशे वर्षांत अनेकदा बदलले. आधी ती सावकाराच्या वहीत असे. मग स्टँप लावलेल्या कर्जरोख्यात आली, पुढे सोसायटीच्या पंचांच्या हाती गेली आणि आता ती मुंबईत बसलेल्या कंपन्यांच्या संगणकात तीन आकडी संख्या होऊन राहते. मूळ अडचण मात्र तीच राहिली. कर्ज फेडून दाखवल्याशिवाय पत तयार होत नाही, आणि पत नसलेल्याला फेडून दाखवण्यासाठीसुद्धा कोणी कर्ज देत नाही.

इंग्रजी अमलापूर्वीच्या दख्खनमध्ये ही अडचण फारशी जाणवत नसे, कारण अनोळखी माणसाला कर्ज देण्याचा प्रसंगच क्वचित येई. गावचा सावकार, मग तो ब्राह्मण असो, गुजर असो की मारवाडी वाणी, आपल्या कुळांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखत असे. बापाचे खाते मुलाकडे चालत येई. त्यासोबत बापाची बाकी येई आणि बापाची पतही येई. कोणाच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी असते, कोणाचे बैल म्हातारे झाले, कोणाच्या घरी यंदा लग्न आहे, ही माहिती सावकाराला विचारावी लागत नसे. बियाण्यासाठी किंवा खाण्यासाठी दिलेले धान्य सुगीला वाढीदिढीने परत घेतले जाई, म्हणजे मणाला सव्वा किंवा दीड मण. रोख कर्जाला दामदुपटीचा नियम होता. साचलेले व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचे नाही, असा हा धर्मशास्त्रातला दंडक होता आणि मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही तो पुढे मान्य केला.

या व्यवस्थेत पत एकट्याची नसे. ती घराण्याची, भावकीची, गावाची असे. ज्याची ओळख पुरेशी नाही त्याच्यासाठी दुसरा कोणी उभा राही. मराठेशाहीच्या दप्तरांत जामीनकतबे सापडतात. अमक्याने ठरल्याप्रमाणे केले नाही तर मी बांधील, असे त्यात तिसऱ्याने लिहून दिलेले असते. सावकाराचा तगादा कठोर असला, तरी त्याला कुळ बुडवून परवडत नसे. जमीन काढून घेऊन ती सहज विकता येईल अशी सोय नव्हती आणि वसुलीसाठी सरकार त्याच्या पाठीशी फारसे उभे राहत नव्हते. त्याचे खरे तारण म्हणजे कुळाचे पीक आणि गावातली लाज. हा काळ सुखाचा होता असे कोणी समजू नये. वेठ, पिढीजात गडीपण, धान्याच्या मापातली लबाडी हे सगळे त्यात होते. फरक इतकाच की देणारा आणि घेणारा दोघांनाही एकमेकांवाचून सुटका नव्हती.

इंग्रजी अमलात रयतवारी सारापद्धत आल्यावर हे गणित मोडले. शेतकऱ्याच्या नावावर लागलेली जमीन आता विकता येत होती, गहाण टाकता येत होती आणि न्यायालयाच्या हुकूमनाम्याने जप्तही करता येत होती. कर्ज मागणाऱ्याला ओळखण्याची गरज त्यामुळे कमी झाली, कारण सातबाऱ्याच्या पूर्वजांनी, म्हणजे पाहणी खात्याच्या नोंदींनी, त्याची साक्ष द्यायला सुरुवात केली. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस बंद झाला, मुंबईकडून जाणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि पैशाचा पूर गावोगाव पोहोचला. ज्यांना पूर्वी सावकार दारात उभे करत नसत त्यांनाही कर्ज मिळू लागले. पतीचा हा अचानक झालेला विस्तार जमिनीच्या किमतीवर उभा होता, माणसाच्या फेडण्याच्या ताकदीवर नव्हता. युद्ध संपले, भाव कोसळले, आणि १८६७ पासून झालेल्या फेरपाहणीत सरकारने सारा वाढवून ठेवला. कर्जे तशीच राहिली.

कायद्याने आणखी एक गोष्ट घडवली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे साध्या कर्जरोख्यावर ठरावीक वर्षांतच, बहुधा तीन, दावा करता येई. हेतू कुळाच्या संरक्षणाचा होता, पण झाले उलटेच. मुदत संपत आली की सावकार जुना रोखा फाडून नवा लिहून घेई आणि तोवरचे व्याज नव्या रोख्यात मुद्दल म्हणून चढे. दामदुपटीची आडकाठी अशी सहज ओलांडली गेली. अक्षर न ओळखणारा शेतकरी अंगठा उठवत असे, आणि किती परत दिले याचा त्याच्याकडे एकही कागद नसे. फेडीचा इतिहास होता, पण तो एकाच बाजूच्या वहीत होता.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी जमावाने सावकारांची दुकाने व घरे लुटली. तिथून हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील गावांत पसरले. दख्खनचे दंगे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या उठावाची लक्षात घेण्याजोगी खूण म्हणजे जमावाचा रोख. बहुतेक ठिकाणी लोकांनी सावकाराच्या जिवाला हात लावला नाही. त्यांनी कर्जरोखे, हुकूमनामे आणि वह्या मागितल्या आणि त्या गावासमोर जाळल्या. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाच्या अहवालानंतर १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी मदत कायदा आला. कर्जासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकणे बंद झाले. रोख्यावरचा आकडा खरा न मानता मूळ व्यवहारापर्यंत जाऊन हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. शेतकऱ्याचे दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिणे सक्तीचे झाले.

याच कायद्यातल्या एका लहानशा तरतुदीकडे इतिहासकारांचे लक्ष कमी गेले आहे. दिलेल्या पैशाची पावती, दरवर्षी हिशेबाचा उतारा आणि खात्याचे पासबुक मागण्याचा हक्क शेतकऱ्याला मिळाला. आपण कसे फेडले हे दाखवणारा कागद कर्जदाराच्या स्वतःच्या हाती असावा, ही कल्पना इथे कायद्यात उतरली. प्रत्यक्षात तिचा वापर किती होणार? लिहिता-वाचता येणाऱ्यांची संख्याच तुटपुंजी होती, आणि पासबुक मागणाऱ्या कुळाला पुढच्या पेरणीला सावकाराकडेच जावे लागे. सावकारांनीही पळवाट शोधली. गहाणखताऐवजी ते थेट खरेदीखत करून घेऊ लागले आणि फेड झाली की जमीन परत देऊ, असे तोंडी सांगू लागले. ज्यांच्याकडे देण्यासारखी जमीन नव्हती त्यांना कर्ज मिळणे आणखी अवघड झाले.

सरकारने तगाईचे कायदे १८८३ आणि १८८४ मध्ये केले, पण तगाई मुख्यतः विहिरीसारख्या सुधारणांना, बियाण्याला आणि बैलांना. रोजच्या नडीला तिचा उपयोग नव्हता, आणि कागदपत्रांच्या फेऱ्यांत हंगाम निघून जाई. सनदी अधिकारी विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढण्याची योजना मांडली, न्या. रानडे आणि पुण्याची सार्वजनिक सभा यांनी तिचा पाठपुरावा केला. लंडनहून मंजुरी आली नाही आणि ती तिथेच थांबली.

वाट निघाली ती १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने. कायद्याची मांडणी साधी होती. एका गावातील किंवा एका वर्गातील किमान दहा माणसांनी एकत्र येऊन संस्था काढायची, ठेवी आणि बाहेरचे कर्ज मिळून भांडवल उभे करायचे आणि फक्त सभासदांनाच कर्ज द्यायचे. ग्रामीण संस्थांची जबाबदारी अमर्यादित होती. म्हणजे एकाने बुडवले तर बाकीच्या सर्वांच्या मालमत्तेवर बोजा येणार. जर्मनीतील राइफायझेन संस्थांवरून घेतलेली ही अट वरवर पाहता क्रूर वाटते, पण संपूर्ण यंत्रणेचा प्राण तिच्यातच होता. दहा एकर कोरडवाहू जमिनीचा मालक आणि एक एकरवाला अल्पभूधारक यांच्या वचनाला मुंबईच्या बँकेच्या लेखी काही किंमत नव्हती. मात्र पन्नास शेजारी एकमेकांसाठी सारे घरदार पणाला लावायला तयार असतील, तर त्या समूहाला बाहेरून कर्ज मिळू शकत होते. गावकऱ्यांना एकमेकांबद्दल जे फुकट ठाऊक होते, तेच तारण झाले. कोणाला किती द्यायचे हे पंच ठरवत, कर्ज कशासाठी घेतले आणि कशावर खर्च झाले यावर नजर ठेवत, आणि पहिल्यांदा आलेल्याला थोडे देऊन पाहत. दोन हंगाम चोख फेडले की मर्यादा वाढे.

मुंबई इलाख्यातील पहिली शेतकी पतसंस्था १९०५ मध्ये धारवाड जिल्ह्यातील कणगिनहाळ या गावी निघाली. हे गाव आज कर्नाटकातील गदग जिल्ह्यात आहे. शहरांत दुसऱ्याच तऱ्हेचे लोक एकत्र आले. १९०६ मध्ये मुंबईत तल्मकी यांच्या पुढाकाराने शामराव विठ्ठल पतसंस्था आणि पुण्यात कॉसमॉस सुरू झाली, १९१८ मध्ये सारस्वत सोसायटी. सारस्वतचा पहिला उद्देश व्यापाराचा नव्हता. घरातले लग्न, आजारपण, डोक्यावरचे जुने कर्ज अशा अडचणींत सापडलेल्या जातबांधवांना सावकाराच्या दारी जावे लागू नये, एवढाच होता. ठराविक पगार असलेला कारकून, त्याची ओळख असलेले दोन जामीनदार आणि पगारातून कापला जाणारा हप्ता, हा नागरी पतपेढीचा साचा याच काळात बसला. पगारकपातीला पुढे १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातही स्थान मिळाले. शिक्षकांच्या, रेल्वेच्या, पोस्टाच्या सोसायट्यांनी हजारो मध्यमवर्गीय घरांना त्यांचे पहिले कर्ज दिले. त्यासोबत कचेरीत जामीन कोणाला राहायचे आणि कोणाला टाळायचे याचे एक वेगळेच राजकारणही वाढले.

या साऱ्याला बाहेरून पैसा पुरवण्यासाठी १९११ मध्ये विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लुभाई सामळदास यांनी मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक स्थापन केली. तीच पुढे राज्य सहकारी बँक झाली. वैकुंठभाई मेहता यांनी तिचा कारभार तीन दशकांहून अधिक काळ सांभाळला. खेड्यातील सोसायटीचे सर्वांत बोलके उदाहरण लोणीचे आहे. विठ्ठलराव विखे पाटील यांनी १९२३ मध्ये लोणी बुद्रुक येथे पतसंस्था काढली. प्रवरेच्या कालव्याचे पाणी आले होते, पण ऊस लावायला लागणारा पैसा सावकाराकडे होता. सोसायटीत फेडीची शिस्त लागली, आणि त्या शिस्तीच्या आधारावरच अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने १९५० मध्ये प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. कारखान्याला कर्ज देणाऱ्यांना शेतकऱ्यांच्या भागभांडवलाबरोबरच त्यांच्या सोसायटीची मागची सत्तावीस वर्षे दिसत होती.

लोणी हे अपवादाचे उदाहरण होते, नियमाचे नव्हे. गोरवाला समितीने १९५१-५२ मध्ये देशभर ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी केली. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालाप्रमाणे शेतकऱ्यांच्या एकूण कर्जांत सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३.१ टक्के होता, आणि सावकारांचा, धंदेवाईक व शेतकरी सावकार मिळून, सुमारे ७० टक्के. पन्नास वर्षांच्या चळवळीनंतरचा हा आकडा होता. शेजाऱ्यांच्या ज्ञानावर चालणाऱ्या संस्थेत शेजाऱ्यांचे पूर्वग्रहही चालत. सोसायटीचे पंच बहुधा मोठे बागाईतदार असत. भूमिहीन मजूर, महार-मांग वस्तीतला माणूस, विधवा यांच्यासाठी जामीन राहायला कोणी पुढे येत नसे. जमीनदाराची पत सहकाराने वाढवली, पत नसलेल्याला ती क्वचितच मिळवून दिली.

मुंबईच्या गिरणगावात या प्रश्नाचे रूप आणखी उघडे होते. साताऱ्याहून किंवा रत्नागिरीहून आलेला तरुण गिरणीत लागला की पहिला महिना त्याच्याकडे काहीच नसे. पगार होईपर्यंत खानावळवाली जेवण देई, किराणावाला धान्य देई, आणि दोघांसमोर त्याच्या गावचा कोणीतरी किंवा मुकादम शब्द टाकी. मोठी नड आली तर पठाण सावकार होता. कामगारांच्या स्थितीविषयी १९३१ मध्ये आलेल्या व्हिटली आयोगाच्या अहवालात कामगारांच्या कर्जांवर रुपयाला महिना एक आणा हा दर सर्रास असल्याचे नोंदले आहे. वर्षाचा हिशेब केला तर तो ७५ टक्के होतो. पठाण कागदपत्र फारसे करत नसे. गिरणीच्या फाटकाशी पगाराच्या दिवशी तो उभा असे, तेवढे पुरे होते.

या साखळीतली सर्वांत दुर्लक्षित कडी म्हणजे खानावळवाली. पंधरा-वीस गड्यांना महिनाभर उधारीवर जेवू घालणारी ही बाई स्वतः एक पतसंस्थाच चालवत होती. तिला मात्र दुकानदाराकडून चढ्या भावाने धान्य घ्यावे लागे, भांडी आणि दागिने गहाण टाकावे लागत. बँकेच्या लेखी ती अस्तित्वातच नव्हती. घर तिच्या नावावर नाही, पगार नाही, सही येत नाही. गोवामुक्ती लढ्यात भाग घेतलेल्या आणि पुढे कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले ते याच बायकांसाठी. १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि दुर्बल घटकांना कर्ज देण्याचे धोरण कागदावर होते. मंडळाने खानावळवाल्यांचे गट केले, गटातील बायका एकमेकींना जामीन राहिल्या आणि राष्ट्रीयीकृत बँकेने त्यांना कर्जे दिली. जुन्या अमर्यादित जबाबदारीचेच हे छोटे रूप म्हणता येईल, पण यात जमीन कुठेच नव्हती. तारण होती ती एकाच चाळीत रोज पहाटे चुली पेटवणाऱ्या बायकांची एकमेकींविषयीची खात्री. दोन-तीन कर्जे फिटल्यावर अनेक जणींचा बँकेशी नियमित व्यवहार सुरू झाला.

गटाची ही रीत पुढे सरकारी योजनांत शिरली. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक कार्यक्रम घेतला. गटाने आधी काही महिने बचत करायची, आपल्यातच लहान कर्जे द्यायची, वही नीट ठेवायची आणि मग बँकेकडे जायचे. बँक गटाची बचत पाहून त्याच्या काही पट कर्ज देई. इथली वही महत्त्वाची आहे. गटातल्या प्रत्येकीने कधी किती घेतले आणि कधी फेडले हे तिच्या शेजारणींसमोर लिहिले जात होते. भिशीतही विश्वास असाच चालतो, पण भिशीची नोंद बँकेला दाखवता येत नाही.

साताऱ्यातील म्हसवडची गोष्ट या संदर्भात नेहमी सांगितली जाते. माण तालुक्यातील बायकांनी स्वतःची बँक काढायचे ठरवले, तेव्हा प्रवर्तक सभासदांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. बायका साक्षरतेच्या वर्गाला बसल्या आणि पुन्हा गेल्या. व्याजाचा हिशेब तोंडी करायचा तर आमच्याशी पैज लावा, असे त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितल्याची आठवण संस्थापक चेतना गाला सिन्हा यांनी अनेकदा सांगितली आहे. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. हातगाडीवाली, भाजीवाली, शेळ्या पाळणारी हे तिचे ग्राहक. अशा ग्राहकाची मिळकत रोजची असते, म्हणून महिन्याच्या हप्त्यापेक्षा दाराशी जाऊन रोज किंवा आठवड्याला वसुली करणे दोघांच्या सोयीचे ठरते.

तोवर मुंबईत पतीची वही दुसरीकडे चालली होती. बँकांची थकीत कर्जे वाढल्यावर सिद्दीकी कार्यगटाच्या शिफारशीने ऑगस्ट २००० मध्ये सिबिल ही कंपनी स्थापन झाली. २००४ पासून व्यक्तींच्या कर्जांची माहिती तिच्याकडे जमू लागली, २००७ मध्ये पत दाखवणारा गुणांक आला. २००५ च्या कायद्याने अशा कंपन्यांना चौकट दिली आणि पुढे एक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क यांची भर पडली. लोकांच्या तोंडी मात्र चौघांचेही नाव सिबिलच. ३०० ते ९०० यांच्यामधली ही संख्या मुख्यतः काही गोष्टींवरून निघते: हप्ते वेळेवर गेले का, मंजूर मर्यादेपैकी किती वापरली, कर्जखाते किती जुने आहे, अलीकडे किती ठिकाणी अर्ज केले. सावकाराला ठाऊक असलेली विहीर, बैल आणि लग्न यांपैकी काहीही तिच्यात नाही. जातही नाही, हे मान्य केले पाहिजे. सोसायटीच्या पंचांपुढे ज्याला उभे राहता येत नव्हते त्याला या नोंदीत निदान आडनावावरून कोणी अडवत नाही.

पण या नोंदीत शिरण्याची वाट अरुंद आहे. ज्याने कधीच कर्ज घेतले नाही त्याचा गुणांकच निघत नाही. आयुष्यभर कोणाचे पाच पैसे न ठेवणारा शेतकरी आणि फरारी कर्जबुडव्या या दोघांनाही बँकेचा कर्मचारी सारख्याच संशयाने पाहू लागला. पहिली नोंद तयार करण्याचे मार्ग त्यातून रूढ झाले. मुदतठेवीवर मिळणारे क्रेडिट कार्ड, फ्रीज किंवा मोबाइलचे हप्ते, सोनेतारण. गटांतून कर्ज घेणाऱ्या बायकांची माहितीही २०११ नंतर सूक्ष्मवित्त कंपन्यांमार्फत या वह्यांत येऊ लागली आणि अनेकींना आपले नाव तिथे आहे हे पुढचा अर्ज नाकारला गेल्यावर कळले.

शेतकऱ्यांच्या बाबतीत गुंता वेगळा आहे. विकास सोसायटीचे पीककर्ज मार्चअखेर भरायचे आणि लगेच पुन्हा उचलायचे, याला गावात नवं-जुनं करणे म्हणतात. त्यासाठी चार दिवस खासगी सावकाराकडून पैसे घ्यावे लागले तरी खाते कागदावर नियमित दिसते. कर्जमाफीची वाट पाहत कर्ज थकवलेल्याची नोंद मात्र काळी होते. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत नियमित फेडणाऱ्यांना ५०,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहनपर रक्कम ठेवावी लागली, ती चोख फेडणाऱ्यांच्या तक्रारीमुळे. पीककर्जासाठी सिबिलची अट घालू नये, असे राज्य सरकारने बँकांना अनेकदा बजावले आहे. बँका तरीही ती पाहतात.

१ जानेवारी २०१७ पासून पत नोंदवणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा स्वतःचा पूर्ण अहवाल फुकट मागता येतो. एप्रिल २०२४ पासून नोंदीतील चुकीबद्दलची तक्रार ३० दिवसांत मिटवली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. जानेवारी २०२५ पासून कर्जाची माहिती महिन्याऐवजी पंधरवड्याला अद्ययावत होऊ लागली, म्हणजे नव्या कर्जदाराचा पहिला हप्ता लवकर दिसू लागला. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने एकत्रित निर्देश काढले. पूर्वीची नोंद नाही एवढ्याच कारणाने पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असे त्यांत सांगितले आहे. कर्ज मात्र मिळालेच पाहिजे असे त्यात नाही. मिळकत, तारण आणि फेडण्याची ताकद तपासून निर्णय घेण्याचा अधिकार बँकेकडेच आहे.